सगळ्या गाभण ठरल्या तो श्रावण

श्रावण लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना श्रावणात ऊनपाऊस दिसतो, हिरवे चुडे दिसतात, केळीच्या पानावरचं पुरण दिसतं. मला डुकरिणी दिसतात. हसा, खुशाल हसा. सोवळ्याओवळ्याच्या महिन्यात ही बाई डुकराचं नाव घेते म्हणून आमच्या घरातली माणसं माझ्याकडे अजूनही डोळे वटारून बघतात. मी घेणार. मी आता पासष्टीला आले आहे आणि माझे गुडघे गेले आहेत, पण जीभ शाबूत आहे.

यंदा पहिल्याच शुक्रवारी दादाकडे जेवायला बोलावलं होतं. लालबागला आमची चाळ होती तिथे आता टॉवर आहे आणि दादा त्यात वरच्या मजल्यावर राहतो. त्याची सून मृणाल लोअर परळला नोकरी करते, ज्या गिरणीत बाबांनी जन्म काढला त्याच गिरणीच्या आवारात. आता तिथे काचेची इमारत आहे. पोरगी सकाळी ऑफिसचं काम उरकून, मग साडी नेसून वाढायला उभी राहिली होती. आम्ही पहिल्या पंगतीच्या बायका जेवत होतो, आणि वाढता वाढता तिने भिंतीला हात टेकला.

झालं. सगळ्या पानांवरचे हात थांबले. शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मृणालची सासू, म्हणजे माझी भावजय सुनीता, चेहरा उजळवून म्हणाली, "काय गं, चक्कर आली? किती दिवस वर झालेत?"

असं. भर पंगतीत. जणू विचारतेय, कुकरला शिट्टी झाली का.

"सकाळपासून काय खाल्लंय तिने, ते विचार आधी," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला.

मृणाल ओशाळली. "आत्या, उपास आहे ना. केळं खाल्लं मी."

"आणि काल रात्री?"

"कॉल चालू होता उशिरापर्यंत. राहिलंच."

"मग ही गुड न्यूज नाही. ही भूक आहे. बस खाली."

दादा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "विजू, तुझं आपलं दरवेळी काहीतरी असतं."

"दरवेळी नाही रे दादा. एकदाच होतं. तू विसरलास."

तो गप्प बसला. आमच्या घरात गप्प बसणं हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे, पूर्वीपासून.

तर तो एकदाचा श्रावण. संपाच्या वर्षातला. गिरण्या हिवाळ्यात बंद पडल्या तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. उन्हाळा गेला, आषाढ आला, मिटायचं नाव नाही. बाबा साचाखात्यात, म्हणजे मागावर. दादा बदली कामगार, रोज दारावर जाऊन उभा राहणारा. दोघंही एकदम घरी बसले. खोली एक. त्यात आई, बाबा, दादा, मी, गावचे दोन काका आणि कुंदावहिनी. वहिनी त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात लग्न होऊन आली होती, कणकवलीकडची. रात्री दादा-वहिनीच्या अंथरुणापुढे आईचं एक जुनं लुगडं दोरीवर टाकलेलं असायचं. तेवढाच त्यांचा संसार.

गिरणीचा भोंगा गप्प झाला, यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय, गाणी म्हटलीत, डोळे पुसलेत. लिहा बापडे. माझी वहिनी गप्प होती त्यावर एक ओळ कुणी लिहिली नाही, म्हणून मी लिहितेय.

माहीमला खाडीच्या अंगाला बस्त्यावकाकांचं जुनं घर होतं. बस्त्यावकाका बाबांच्याच गिरणीतले फिटर, तेही संपात. त्यांच्या आईने पूर्वी घरामागे डुकरं पाळलेली, तो गोठा रिकामा पडला होता. एक दिवस ते आमच्याकडे आले, गॅलरीत बाबांच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "परब, ऐक माझं. नाताळाला पिल्लाला केवढं गिऱ्हाईक असतं, ठाऊक आहे तुला? गिरगावातले आपले लोक, माहीमवाले, वांद्र्याचे, सगळे शोधत फिरतात. दोन माद्या आणि एक नर आणतो मी. आषाढात लावल्या तर दिवाळीला विणार. नाताळाला पिल्लं तय्यार."

आईने कानांवर हात ठेवले. "डुकरं? शी! आमच्याकडे आषाढी-कार्तिकी पाळतात हो."

"डुकरं माझ्याकडे ऱ्हातील गे बाय, तुझ्याकडे येणार नाहीत," बस्त्यावकाका म्हणाले. "परबने फक्त हात लावायचा."

बाबांनी हात लावला. काय करतील? पोट चालवायचं होतं. घरी आल्यावर आई त्यांना मोरीत उभं करून आधी पाणी ओतायला लावायची आणि मगच आत घ्यायची. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की बाबा माहीमला नारळाच्या वखारीत जातात.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बाबा आणि बस्त्यावकाका मोर्चाला, सभेला, गेटवर जाऊन बसायला गेले की माहीमला कोण जाणार? मी जायचे. डुकरांचं खाणं म्हणजे खानावळीतलं उरलंसुरलं. लालबाग-परळच्या खानावळी, जिथे एकटे राहणारे गिरणीकामगार जेवायचे, तिथून डबे भरून न्यायचे असा बेत होता. सुरुवातीला मिळालं. मग कामगार गावाला निघून गेले. खानावळी एकेक करून बंद पडल्या. ज्या चालू होत्या त्यांच्याकडे ताटात काही उरेनासं झालं. माणसं ताट चाटूनपुसून उठत होती, डुकराला कुठून उरणार? डबे अर्धे येऊ लागले, मग तळाशी पाणी आणि चार शितं.

तरीही आषाढात दोन्ही माद्यांना नर लागला. थोरली काळी होती आणि धाकटीला बस्त्यावकाका रोझी म्हणायचे. आता पुढचं ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. डुकरीण गाभण राहिली की नाही हे ओळखायची बस्त्यावकाकांच्या आईची जुनी रीत होती. नर लागल्यावर तीन आठवडे थांबायचं. गाभण राहिली नसेल तर ती पुन्हा माजावर येते. खाणं सोडते, येरझाऱ्या घालते, ओरडून गोठा डोक्यावर घेते. तेव्हा तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी दाब दिला की जागची हलत नाही, कान ताठ करून उभी राहते. आणि गाभण असेल तर यातलं काहीच करत नाही. शांत खाते, शांत झोपते, पाठीला हात लावला की चिडून पळते.

थोडक्यात, ओरडली नाही तर गाभण.

नराला ठेवायला वेगळी जागा हवी, असं त्यांची आई करायची. पण गोठ्याचा पलीकडचा भाग गळत होता. बाबा म्हणाले, "वेगळी जागा कशाक? आम्ही एका खोलीत इतकी माणसां ऱ्हवतो, ह्यांका काय झाला?" आणि त्यांनी माद्यांच्या शेजारीच फळ्या ठोकून नराचं बिऱ्हाड केलं. फळ्यांमधल्या फटींतून एकमेकांची नाकं लागत होती. बस्त्यावकाकांनी डोकं खाजवलं, पण तेही चाळीत वाढलेल्यांचेच मित्र. त्यांना काही वावगं दिसलं नाही. आम्हाला कुणालाच दिसलं नाही. नवराबायकोमध्ये एक लुगडं पुरतं, तर डुकरांना एक फळी पुरेल, हा आमचा हिशेब.

श्रावण लागला. तीन आठवडे उलटले. थोरली गप्प, रोझी गप्प. बाबांनी पाठीवर दाब देऊन बघितलं, दोघी कुरकुरत बाजूला झाल्या. दिवसभर पडून असायच्या. बस्त्यावकाकांनी छातीवर क्रूस काढला आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. "दोनों के दोनों! परब, मिठाई काढ."

त्याच आठवड्यात घरी आईच्या लक्षात आलं की कुंदावहिनी बाजूला बसली नाही.

आताच्या मुलींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्याकडे बाईला महिन्याचं आलं की ती कोपऱ्यात वेगळ्या चटईवर बसायची. पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, चुलीकडे यायचं नाही. एका खोलीत हे लपणार कसं? सासऱ्याला कळायचं, चुलतसासऱ्यांना कळायचं, गॅलरीतून जाणाऱ्याला कळायचं. अख्ख्या मजल्याला पाठ होतं कोण कधी बसते. वहिनी आषाढातही बसली नव्हती. श्रावणातही नाही. मग काय विचारता! शेजारच्या गावडेकाकू पीठ मागायच्या निमित्ताने आल्या, वहिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आईला डोळ्याने विचारलं. आईने डोळ्यानेच होकार दिला. संध्याकाळपर्यंत खालच्या वाण्यालाही बातमी.

वहिनी मला मोरीजवळ भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, माका नाय तसा काय वाटत."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "पहिलटकरणीला काय कळतंय?"

चक्कर येत होती तिला, मळमळत होतं, बसली की उठवत नव्हतं. सगळ्यांनी म्हटलं, बघा, डोहाळे. आणि माहीमला थोरली डुकरीण भिंतीला अंग टाकून डोळे मिटून पडलेली असायची तर बस्त्यावकाका म्हणायचे, बघा, सुस्तावली, पोटात ओझं आहे. मी सकाळी एक बघत होते, दुपारी दुसरं बघत होते. दोघींच्या बरगड्या मला मोजता येत होत्या. पण मला कोण विचारतंय.

कारण खरं काय होतं ते प्रत्येकाला दिसत होतं आणि कुणीच बघत नव्हतं. घरात भाकरी थापल्या जायच्या त्या आधी बाबांना, काकांना, दादाला. ते मोर्चाला जायचे ना, लाठ्या खायला. मग मला, कॉलेज होतं म्हणून. मग आई. मग भांड्यात राहील ते वहिनीचं. राहायचं काय? पेजेचं पाणी. आणि त्यात श्रावण! सोमवारचा उपास, शुक्रवारचा उपास, शनिवारचा उपास, शिवाय मंगळवारी नव्या सुनेचं व्रत. एरवी इतके उपास आमच्याकडे कुणी धरले नव्हते. त्या वर्षी देवाच्या नावाने आमच्या घरात धान्य वाचवलं गेलं, आणि ते एका बाईच्या पोटातून वाचवलं गेलं. दिवस गेलेत म्हटल्यावरही आई येताजाता म्हणायची, "दोन जिवांची आहेस गो, खा." बोलण्यात दोन जिवांची आणि ताटात अर्ध्या जिवाचीसुद्धा नाही.

गिरणीमालकांनी आम्हाला उपाशी मारलं, हे मी मरेपर्यंत ओरडून सांगेन. सरकारने डोळे झाकले, पुढाऱ्यांनी भाषणं केली, सगळं खरं. पण घरात जे होतं ते कुणी आधी खायचं, हे काही मालकाने येऊन ठरवलेलं नव्हतं. ते आम्हीच ठरवलं होतं, संपाच्या कितीतरी आधी.

गणपती आले, गेले. त्या वर्षी लालबागला वर्गणीच नव्हती, तरी लोकांनी मूर्ती बसवलीच. विसर्जनानंतर बस्त्यावकाका जरा काळजीत दिसू लागले. थोरलीचं पोट सुटत नव्हतं, रोझीचंही नाही. सड तसेच, सुकलेले. शेवटी ते परळच्या गुरांच्या दवाखान्यात गेले आणि ओळखीच्या एका डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर तापट होते. छत्री मला धरायला दिली, बाह्या वर केल्या, लांब हातमोजा चढवला आणि थोरलीच्या मागून हात आत घालून कितीतरी वेळ डोळे मिटून चाचपत राहिले. मग रोझीला तपासलं. हात बाहेर काढून म्हणाले, "कोण म्हणालं या गाभण आहेत?"

बाबा म्हणाले, "साहेब, माजावर आल्याच नाहीत परत."

"नर कुठे असतो?"

बाबांनी फळ्या दाखवल्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, तोसुद्धा तो हातमोजा घातलेलाच. "अहो, चोवीस तास तो नाकासमोर असला तर तिला त्याचं काय अप्रूप राहणार? ही धाकटी माजावर येऊनही गेली असेल, दाखवलंच नाही तिने. नर लांब ठेवायचा आणि रोज थोडा वेळ समोर आणायचा, मग बघा ती कशी उभी राहते. आणि ही मोठी." त्यांनी थोरलीच्या बरगडीवर थाप मारली. "ही माजावर आलीच नाही. येणार कुठून? अंगात आहे काय तिच्या? पोटाला नाही मिळालं की शरीर पहिलं हे दुकान बंद करतं. गप्प आहे म्हणून गाभण म्हणालात. ती उपाशी आहे."

"मग खाटकाला देऊन टाकू?" बस्त्यावकाकांनी विचारलं.

"कशाला? काय बिघडलंय तिचं? खायला घाला. चांगलं खायला घाला महिनाभर, मग मला सांगा."

मी छत्री धरून उभी होते. डॉक्टर थोरलीबद्दल बोलत होते आणि मला वहिनीचं मनगट दिसत होतं, ज्यातून बांगड्या आपोआप कोपरापर्यंत जायच्या.

मी घरी धावत आले. जिना चढून दारातच म्हणाले, "आई, वहिनीला दिवस गेलेले नाहीत. तिला पोटभर खायला घाल. डॉक्टर म्हणाले, पोटाला नसलं की पाळी बंद होते."

"कुठले डॉक्टर?" आई म्हणाली. हातात लाटणं होतं.

आता मी काय सांगायचं? खरं तेच सांगितलं. माहीमचे, थोरलीला बघायला आलेले.

आईचा चेहरा असा काही झाला की विचारू नका. "डुकरिणीचे डॉक्टर? माझ्या सुनेची डुकरिणीशी बरोबरी करतेस, रांडे? हेच शिकवतात कॉलेजात?"

"बरोबरी कुठे करतेय? डुकरिणीला तरी खायला घाला म्हणाले!"

दादा अंथरुणावरून उठून बसला. "म्हणजे काय? आम्ही काय तिला उपाशी ठेवतो?"

"मग सांग ना, काल रात्री ती काय जेवली?"

 त्याला माहीतच नव्हतं. लग्नाला दीड वर्ष होत आलं होतं आणि आपली बायको काय जेवते हे त्याने एकदाही बघितलेलं नव्हतं. तो उठला, चप्पल पायात सरकवली आणि खाली नाक्यावर निघून गेला. वहिनी मोरीत बसून पातेलं घासत होती. तिने मान वर केली नाही. फक्त घासायचा आवाज थांबला आणि मग परत सुरू झाला.

त्याच आठवड्यात माहीमला काय झालं सांगू? बस्त्यावकाकांनी बायकोची बोरमाळ मोडून कोंडा आणला, पेंड आणली. दादरच्या मार्केटमधून बाबा आणि ते रोज सकाळी भाजीचा पाला, पिचकी केळी गोण्या भरभरून न्यायला लागले. थोरलीसाठी वेगळी घमेली, वेगळी जागा, तिच्या वाटणीचं रोझीने खाऊ नये म्हणून मध्ये आडवा बांबू. बाबा तिच्याजवळ बसून राहायचे ती खाईपर्यंत. घरी येऊन कौतुकाने सांगायचे, आज थोरल्येने सगळा संपवल्यान. आई ऐकायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची.

नवरात्रात आईने वहिनीला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं, तेही गावडेकाकूंनी टोचलं म्हणून. तिथल्या नर्सने सांगितलं की पोटात काही नाही, पोरीच्या अंगात रक्त नाही, हिला खायला घाला. हे मी वहिनीकडून ऐकलं. आईने घरी येऊन फक्त पहिलं सांगितलं, पोटात काही नाही. पुढचं तिला ऐकूच आलं नव्हतं.

मग सुरू झालं. आधी म्हणाले, दोष आहे हिच्यात. मग म्हणाले, वांझ आहे. आणि शेवटी गॅलरीतल्या कुणीतरी जे म्हटलं ते आईने उचललं. म्हणे, चांगलंचुंगलं खायला मिळावं म्हणून सोंग केलं होतं हिने. अरे देवा! जिने पहिल्या दिवसापासून सांगितलं की मला तसं काही वाटत नाही, तिने सोंग केलं! कसलं चांगलंचुंगलं खाल्लं होतं तिने आमच्याकडे? मी भांडले, आकांडतांडव केलं, दोन दिवस जेवले नाही. माझं न जेवणं मात्र सगळ्यांना लगेच दिसलं. आई ताट घेऊन माझ्यामागे फिरली.

दिवाळीला तिला माहेरी पाठवायचं ठरलं. "चार दिवस जाऊन ये," आई म्हणाली. तिच्या सगळ्या साड्या बांधून दिल्या, त्यावरूनच काय ते कळत होतं. दादा घरी थांबला. मी तिला परळच्या एसटी डेपोत पोचवायला गेले. गाडी लागेपर्यंत आम्ही तिच्या ट्रंकेवर बसलो होतो. ती डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "वन्सं, त्या थोरल्येचा काय झाला गो?"

"माजावर आली," मी म्हणाले. "परवा. बस्त्यावकाकांनी पाठीवर हात टेकला तर जागची हलली नाही. लावली तिला."

"बरा झाला," वहिनी म्हणाली. आणि हसली. खरोखर आनंदाने हसली हो ती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि बाजूच्या बाकावरची बाई विचारत होती की यातली सासरी कोण चाललीय.

थोरलीला शिवरात्रीनंतर पिल्लं झाली. नाताळ हुकला, पण ईस्टरला गेली. संप मिटला नाही, नुसता विरत गेला. दादा कुठे कुठे वॉचमन म्हणून लागला. वहिनीला परत आणायचा विषय निघाला की सगळे गप्प. पुढे दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून काडीमोड केला आणि दादाचं सुनीताशी लग्न लागलं. त्या लग्नात मी जेवले नाही. मला विचाराल तर सुनीता वाईट नाही, तिच्यावर माझा राग नाही. पण तिलाही कुणी कधी आधी वाढलं नाही. म्हणूनच तिला मृणालची चक्कर बघून आनंद होतो.

कित्येक वर्षांनी मी एका लग्नाला कणकवलीला गेले होते. चौकशी करत करत वहिनीच्या गावी पोचले. वहिनी म्हणायचा हक्क राहिला नव्हता, पण दुसरं काय म्हणणार? तिचं एका बिजवराशी लग्न झालं होतं, दोन मुलं झाली होती, थोरल्याचं लग्न होऊन घरात सून आली होती. अंगाने भरली होती. मला दारात बघून क्षणभर ओळखलं नाही, मग "गो बाय माझे!" म्हणून गळ्यातच पडली. पडवीत बसवलं, पाणी दिलं, आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता सहज म्हणाली, "माहेराक गेलंय आणि महिन्याभरात बाजूक बसलंय. आवशीन काय केल्यान? पेज आणि सुकट पोटभर घातल्यान, इतक्याच. मगे निरोप धाडललंय मी. आमच्या गावचो माणूस लालबागेक जाय, तेच्याकडे. तुझ्या आवशीक सांग म्हटला, सगळा बरा झालाहा, घेवन जावा म्हणान."

मला काही माहीत नव्हतं. आईकडे आलेला असा कुठला निरोप आमच्या घरात मी ऐकला नव्हता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "निरोप पोचलो. तो माणूस मगे सांगी होतो माका. तुझ्या आवशीन चाय पण दिल्यान तेका."

मुंबईला परतल्यावर मी आईसमोर जाऊन उभी राहिले. आई तेव्हा म्हातारी झाली होती, खिडकीत बसून वाल सोलत होती. मी विचारलं, कुंदावहिनीचा निरोप आला होता का? तिने हातातला वाल सोलला, वाडग्यात टाकला, दुसरा घेतला. मी परत विचारलं. मग म्हणाली, "संप होता गो. आणखी एक तोंड कुठून भरणार होतो?"

म्हणजे तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं! वांझ नाही, सोंग नाही, नुसती उपाशी होती, हे आईला ठाऊक होतं आणि तिने ते चहाच्या कपाबरोबर धुऊन टाकलं. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. आईवर माझा जीव होता आणि माझा राग आहे, दोन्ही आहेत, आणि दर श्रावणात राग वर येतो.

पण सांगायचं राहिलं ते वहिनीच्या घरचं. त्या दुपारी तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात होता, बांगड्याचं तिखलं होतं, सोलकढी होती. तिचा नवरा आणि मुलगा शेतावरून येऊन, पाय धुऊन ओटीवर बसले होते. मी पाहुणी, एवढ्या लांबून आलेली, म्हणून मी आपली पाटावर बसायला निघाले. वहिनीने मला हाताने थांबवलं. मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "गो सुषमा, हात धू आणि ये." सून आली. डोळ्याला डोळा न देता पाटावर बसली, रोजची सवय असल्यासारखी. वहिनीने तिच्या ताटात भात वाढला, त्यावर तिखल्याचा रस्सा, त्यावर माशाचा मधला तुकडा. मग उभ्याउभ्याच माझ्याकडे वळून म्हणाली, "पयला ताट तिचा. तू पावणी असलंस तरी."

ओटीवरच्या दोघा पुरुषांना हे ठाऊक होतं.  सुषमाचे पहिले चार घास होईपर्यंत वहिनी तिच्या समोर बसून राहिली, तिच्या ताटाकडे बघत. मग उठली आणि मला वाढलं.